थांबणारी मान

जुन्नरला माझे मामा राहायचे. गणपतीत आई आम्हा भावंडांना तिकडं घेऊन जायची, आणि संध्याकाळची जेवणं लवकर उरकून सगळे देखावे बघायला निघायचे. आमच्या शिनोलीतही गणपती बसायचा, पण तिथली आरास म्हणजे पताका आणि झिरमिळ्या. हलते देखावे बघायचे तर जुन्नर.

त्या वर्षी एका मंडळानं राक्षस केला होता. गोणपाट रंगवून उभी केलेली गुहा, आत लाल बल्ब, आणि मांडी घालून बसलेला तो. दोन मजली घराएवढा होता. निदान माझ्या आठवणीत तरी तेवढाच आहे. त्याची छाती वरखाली होत होती. एक हात गदा उचलायचा आणि खाली ठेवायचा. मान सावकाश डावीकडून उजवीकडं फिरायची, मग उलटी परत यायची. बांधलेल्या दोरीच्या अलीकडून बायकापोरांची रांग पुढं सरकत होती. मी आईचा पदर धरला होता. मध्येच मागं कुणीतरी पिपाणी वाजवली म्हणून मी वळून पाहिलं, आणि परत समोर बघते तो मान थांबलेली. गदा चालू, छाती चालू, मान तेवढी थांबलेली. माझ्यावर. मग बघून झाल्यासारखी ती पुढं गेली.

मी ओरडले नाही. पदर धरून तिथंच खाली बसले. आईला वाटलं, गर्दीत गुदमरले. मामींनी घरी नेऊन मीठमोहरी ओवाळून टाकली, डोक्यावर गार पाणी थापलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी भिंतीकडं तोंड करून झोपू शकत नव्हते. पाठीमागं ती मान फिरत येणार आणि नेमकी माझ्या पाठीशी येऊन थांबणार, असं वाटायचं.

पुढं मी पुण्याला जाऊन शिल्पकला शिकले आणि काही वर्षांनी गावाकडं परत आले. घोडेगावाहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दादाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्याच्या शेडच्या मागच्या अंगाला मी माझी कामं करते. वाऱ्यावर हलणारी शिल्पं. पाइप, पत्रा, पारगावकडच्या भंगारवाल्याकडून निवडून आणलेली बेअरिंगं. गावात त्यांना कुणी शिल्प म्हणत नाही. ‘ताईंचं ते हलणारं’ म्हणतात.

सुरुवातीला मी दुसऱ्यांचं बघूनच करत होते. मोबाईलवर जगभरातल्या लोकांची कामं दिसतात. कुणी चाकात चाक बसवून उलटसुलट फिरवतो, कुणी तारेला पत्र्याची पानं टांगून नुसत्या श्वासानं हलवतो. मी व्हिडिओ पुन्हापुन्हा थांबवून बघायचे. सांधा कुठं आहे, वजन कुठं दिलंय. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. सुताराचा पोरगा बापाचा रंधा बघूनच शिकतो. आपण दुसऱ्याच्या हातानं सुरुवात करतो आणि कधीतरी तो हात आपला होतो, असं मी धरून चालले होते. कधी होतो, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

गावाच्या वर माळावर एका ओळखीच्या गृहस्थांनी पर्यटकांसाठी राहायची-जेवायची सोय केली. त्यांनी माझ्याकडं काम दिलं. “खाली रस्त्यावरून दिसलं पायजे,” ते म्हणाले, “आणि गाडी थांबली पायजे.” मी चाकात चाक केलं. दोन मोठी चाकं, एक एका दिशेला, दुसरं उलट. आहुप्याकडून खाली उतरणारा वारा त्या माळावर चांगला लागतो. चाकं इतकी गोड फिरली की मालकांनी मला पेढे दिले.

रविवारी मी तिथं जाऊन बसले. गाड्या थांबत होत्या. माणसं उतरायची, वर बघायची, फोटो काढायची, आणि मग तो फोटो बघत गाडीत बसायची. पुन्हा वर बघत कुणी नव्हतं. संध्याकाळी दादा आला. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“लई भारी फिरतंय,” तो म्हणाला. “पण पंखाच हाय गं.”

त्यानं हसत म्हटलं, मीही हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. राग आला असता तर बरं झालं असतं. ही भीती होती. माझ्याकडं जे काही आहे ते दुसऱ्यांच्या युक्त्यांचं आहे, आणि त्या काढून घेतल्या तर खाली काहीच उरणार नाही. त्या आठवड्यात मी एकही सांधा जोडला नाही. शेडमध्ये जायचे, पत्र्याच्या तुकड्यांकडं बघायचे, परत यायचे. स्वतःला एकच विचारत होते, आजवर कुठल्या हलत्या वस्तूनं मला धरून ठेवलंय? उत्तर आलं, जुन्नरच्या त्या राक्षसाच्या मानेनं.

तो राक्षस कुणी केला होता हे शोधायला फार फिरावं लागलं नाही. मामेभावानं लगेच घर सांगितलं. जुन्नरच्या जुन्या बाजारामागं एका बोळात ते काका राहायचे. सत्तरीपुढचे, पण केस रंगवलेले, इस्त्रीचा सदरा. मला बघितल्यावर त्यांनी आधी अल्बम काढला. वर्तमानपत्रातली कात्रणं, हारतुरे, मंत्र्यांबरोबरचे फोटो. अल्बम संपेपर्यंत त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. आतून एक बाई चहा ठेवून गेल्या. त्यांच्याकडं मी नीट पाहिलंही नाही.

“आता सगळी मंडळं स्क्रीन लावतात,” काका म्हणाले. “राक्षस बी टीव्हीवरच. तू कशाला आली, कॉपी करायला?”

“शिकायला,” मी म्हटलं.

“म्हंजी तेच.”

तरी त्यांना दाखवायचं होतंच. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी मला नेलं. आढ्याला हात टांगलेले, भिंतीला टेकून धडं उभी, एका कोपऱ्यात डोक्यांची रांग, सगळी तोंड उघडून. धूळ आणि उंदरांचा वास. आणि मधोमध तो. मांडीचे भाग निघाले होते, गदा नव्हती, पण मान होती. लहानपणी वाटला त्याच्या निम्माही नव्हता. तरीही माझे पाय उंबऱ्याशी अडकले. काकांनी मागं जाऊन बटण दाबलं. कुठल्याशा गाडीच्या वायपरची मोटार घरघरली आणि मान हलायला लागली.

मी मुठी घट्ट मिटून उभी होते. आता थांबेल. आता. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. दुकानातल्या पंख्यासारखी.

“काका, ही मधे थांबायची.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “थांबायची,” ते म्हणाले. मग बटण बंद करून, “चकती झिजली तिची.”

“कसली चकती?”

खडूनं त्यांनी फरशीवर गोल काढला आणि त्याची एक बाजू सपाट केली. गोल भाग लागला की मान फिरते, सपाट भाग आला की थांबते. “भ्या हालण्यात न्हाई,” ते म्हणाले. “थांबण्यात हाय. लिहून घे.” मी लिहून घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. परत येताना उसाच्या कडेनं गाडी चालवत होते, बिबट्याच्या भीतीनं आम्ही सगळेच दिवस मावळायच्या आत घर गाठतो, पण त्या दिवशी उसाकडं माझं लक्षही गेलं नाही. मला माझी वस्तू सापडली होती.

मग मी मान केली. डोळे नाहीत, नाक नाही, सुपासारखा वाकवलेला मोठा पत्रा आणि त्यामागं लांब पाइपाची मान. वर वारा धरणारे वाडगे, खाली एक बाजू सपाट केलेली लोखंडी चकती. शेडमागं पहिल्यांदा उभी केली तेव्हा वाऱ्यानं ती फिरत आली आणि वहिनीवर थांबली. वहिनी वाळवण काढत होती. तिनं वर पाहिलं, आणि हातातलं सूप खाली ठेवून घरात गेली.

“वन्सं, हे बरं न्हाई,” आतून म्हणाली.

मला आनंद झाला. तेवढाच आनंद झाला, हे खरं आहे.

माळावरची चाकं उतरवून आम्ही तिथं मान उभी केली. वैशाखातला दिवस. सकाळी वारा नव्हता, मान नुसती उभी होती. दुपारनंतर डोंगराकडं आभाळ काळवंडलं आणि वारा सुटला. मान फिरली, थांबली, फिरली. मग थांबली ती सुटेना. वर वाडगे भणाणत होते, खांब कण्हल्यासारखा आवाज करत होता, आणि पत्रा माळाकडं तोंड करून जागच्या जागी थरथरत होता. चकतीची धार कुठंतरी रुतली असावी.

“मोडंल ते,” दादा म्हणाला. शिडी लावून तो पाना घेऊन वर चढला.

मी खाली शिडी धरली होती. वारा पडू दे, मग चढ, असं मला म्हणायचं होतं. म्हणाले की नाही ते आठवत नाही. त्यानं पान्यानं चकतीवर एक ठोका दिला. मग दुसरा. एक टणकन आवाज झाला, आणि इतका वेळ अडवून धरलेला सगळा वारा त्या मानेत एकदम सुटला. मला फक्त पत्र्याची चकाकी दिसली. शिडी माझ्या हातातून हिसकली गेली. दादा माझ्याशेजारी जमिनीवर पडलेला होता, आणि डोक्यावरून मान फिरत होती. एकदा, पुन्हा एकदा. ती आमच्यावर येऊन थांबेल या भीतीनं मी त्याच्यावर ओणवी पडले. तो विव्हळत होता. विव्हळतोय म्हणजे आहे, एवढंच मी मनाशी धरून राहिले.

मालकांच्या जीपमधून त्याला मंचरला दवाखान्यात नेलं. वाटभर त्याचा चेहरा राखेसारखा होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता. डोक्याला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं. वहिनी आली तेव्हा तिनं मला विचारलंही नाही काय झालं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मालकांनी मान दोरखंडानं खांबाला बांधून ठेवली होती. मला फिरणारं काहीच बघवत नव्हतं. घरातला पंखा सुरू केला की मी दुसऱ्या खोलीत जायचे. रस्त्यावर ट्रकचं चाक जवळून गेलं तरी मी तोंड फिरवायचे. दादा गळ्यात हात अडकवून दुकानात बसायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, मला एक शब्द टाकून बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. शेवटी वहिनीच म्हणाली, “वन्सं, तुमचं ते भूत उतरवून भंगारात घाला. माझ्या समोर घाला.”

मी हो म्हटलं. पण आधी मला जुन्नरला जायचं होतं. ती चकती ज्यांनी शिकवली त्यांना सांगायचं होतं की तिच्यापायी माझा भाऊ मरता मरता वाचला. कुणावर तरी राग काढायचा होता, असंही असेल.

काका घरी नव्हते. दार काकूंनी उघडलं, मागच्या वेळी चहा ठेवून गेलेल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात मिश्री. मी उंबऱ्यातच बोलायला सुरुवात केली आणि मध्ये थांबलेच नाही. राक्षस, चकती, शिडी, दादा. त्यांनी तोंड धुतलं, मला आत बसवलं आणि विचारलं, “भावाचा हात येईल ना जाग्यावर?”

“येईल म्हणतात.”

“बरं.” मग म्हणाल्या, “चकती कुठली गं? आमच्या राक्षसाला चकतीबिकती काय नव्हती.”

“काकांनी काढून दाखवली,” मी म्हटलं.

“मोटार मान फिरवायची,” काकू म्हणाल्या. “थांबवायची मी. पोटात बसून.”

त्या मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. राक्षसाच्या पाठीमागचं गोणपाट वर केलं. आत एक पाट ठोकलेला, गुडघे मुडपून बसता येईल एवढीच जागा. समोर बेंबीच्या जागी भोक. मोटारीवरून मानेच्या चाकाकडं जाणारा पट्टा, पट्ट्याला दाबून धरणारं एक रीळ, आणि रिळाला बांधलेली सुताची दोरी, हाताच्या मळानं काळी पडलेली. दोरी ओढली की रीळ उचललं जायचं, पट्टा ढिला पडायचा. मोटार तशीच फिरत राहायची, मान थांबायची.

“मी भोकातून बघायची,” त्या म्हणाल्या. “एखादं पोरगं दुसरीकडं बघाया लागलं की ओढायची. त्येनं परत समोर बघितलं की मान त्येच्याच वर. मग सोडायची.” त्यांना हसू आवरेना. “लई मजा यायची. मोठी माणसं बी टरकायची.”

एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या यंत्रानं मला योगायोगानं गाठलं. तिथं माणूस होता. मला बघत होता, माझ्यासाठी थांबला होता. ते कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

“तुम्हाला आत भीती नाही वाटायची?” मी विचारलं.

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी गोणपाट खाली सोडलं.

“एका साली आत वायर पेटली,” त्या म्हणाल्या. “धूर झाला. हे बाहेर हार घालून घेत व्हते. मागचं दार बाहेरनं बांधलेलं, कुणी घुसू नये म्हणून. मी आतनं छातीवर बुक्क्या मारल्या, वरडले. तर बाहेर टाळ्या! लोकांना वाटलं राक्षसच वरडतोय. जेवढी मी वरडतीय तेवढ्या टाळ्या.”

“मग?”

“मग काय. पायानं पाठ फोडली त्येची आन् बाहेर पडले. पदर जळला व्हता. लोकांनी बघितलं तवा टाळ्या थांबल्या.”

“परत बसलात?”

“दुसऱ्या दिवशी. पाठीला भोक तसंच ठेवलं फकस्त, आन् दार बांधू दिलं न्हाई कुणाला.” मग म्हणाल्या, “भ्या रोज वाटायचं बाई. आत बसले की जीव बाहेरच लागलेला. म्हणून तर एवढं बघायची बाहेर.”

काका आले तेव्हा आम्ही दोघी शेडमध्येच होतो. राक्षसाच्या पाठीचं विस्कटलेलं गोणपाट, माझा चेहरा. त्यांना सगळं समजलं. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, “पेपरवाल्यांनी कधी इचारलं न्हाई आत कोण हाय.”

“तुमी सांगितलं बी न्हाई,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. काका टांगलेल्या हातांपैकी एक सरळ करत उभे राहिले. मग मी दादाचं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी मान वर केली नाही. “लोखंडाची केली तू चकती?” एवढंच विचारलं, आणि घरात निघून गेले. त्यांना चकतीचं सुचलं ते माझ्यापासून काकू लपवायला, की त्यांना स्वतःलाही आता तसंच आठवत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी मान भंगारात घालणार आहे असं काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी मला दाखव.

त्या एसटीनं घोडेगावला उतरल्या, तिथून मी त्यांना आणलं. माळावर मानेभोवती त्या एक फेरी मारून आल्या, पत्र्यावर बोटाची टिचकी मारली. “तोंड न्हाई, तरी बघतंय,” म्हणाल्या. “चकती काढ. दोरी लाव.” मग त्या घरी आल्या आणि वहिनीला भेटल्या. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं की या घरातलं माणूस त्या वस्तूजवळ पुन्हा जाणार नाही. काकू वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी तिला धुराची गोष्ट सांगितली. टाळ्यांपाशी वहिनीनं कप खाली ठेवला.

दादा कोपऱ्यात बसून ऐकत होता. अपघातानंतर पहिल्यांदाच तो माझ्याशी कामाचं बोलला.

“दोरी ओढली की थांबतं, म्हंजी हात सुटला की फिरतंय,” तो म्हणाला. “उलटं पायजे. धरली तर फिरंल. हात सुटला, माणूस घाबरला, पडला, काय बी झालं, तर मान थांबली पायजे.”

काकूंनी त्याच्याकडं बघितलं. “हे मला कुणी करून दिलं असतं तर...” त्या म्हणाल्या.

ते आम्ही तसं केलं. शेडमध्ये दादा एका हातानं दाखवायचा, मी जोडायचे. दोरी सुटली की वाडग्यांकडून मानेच्या चाकाला येणारा पट्टा ढिला होतो, वाडगे मोकळे फिरत राहतात आणि लाकडाचा ठोकळा चाकाला दाबून बसतो. कितीही वारा असला तरी मान हलत नाही. काहीच अडून राहत नाही, काहीच साठत नाही. मानेच्या खाली, खांबाला लागून, एक खोपी केली. आत पाट, समोर भोक. मालकांना ते पटत नव्हतं. आपोआप चालणारं हवं होतं त्यांना. मी म्हटलं, माणूस बसेल तेव्हाच चालेल, नाहीतर नाही. एवढं ठाम मी आयुष्यात कुणाला बोलले नसेन.

पण बसायचं मला होतं. पहिल्या दिवशी खोपीत शिरले तेव्हा डोक्यावर ती मान होती, जिनं दादाला खाली पाडलं. वर वारा लागल्याचा आवाज येत होता. तळहाताला इतका घाम की दोरी निसटत होती. दोनदा मी बाहेर आले. काकू बाहेर दगडावर बसल्या होत्या, त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा आत गेले आणि दोरी ओढून धरली. पट्टा ताणला. वर काहीतरी जड वस्तू सरकायला लागल्याचं मला पाठीच्या कण्यातून कळलं.

भोकातून माळाचा एक तुकडा दिसत होता. वाळलेलं गवत, कुंपण, आणि कुंपणाच्या आत वहिनी. कुणी तिला बोलावलं नव्हतं. हाताची घडी घालून उभी होती, डोळे थेट खोपीवर. मला बघायला आली होती की मी जिवंत बाहेर येते की नाही हे बघायला, कोण जाणे. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला, तिनं तिकडं बघितलं, आणि माझा हात उघडला गेला. ठोकळा बसला, मान तिच्यावर थांबली. वहिनीनं परत समोर बघितलं.

ती मागं सरली नाही. पण तिच्या हाताची घडी सुटली आणि एक हात गळ्याशी गेला. ती तशीच वर बघत राहिली. फोटो नाही, काही नाही. मी पुन्हा दोरी धरली, मान पुढं गेली, आणि तरीही ती बघतच होती. मला तेव्हा रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. एवढ्या जवळून दुसऱ्याची भीती बघायची मला सवय नव्हती.

आता मान तिथंच आहे. शनिवार-रविवारी मी बसते, वारा फार असला तर बसत नाही. कधी काकू येतात, हट्टानं आत शिरतात आणि बाहेर कुणी किंचाळलं की आतून खुदखुदतात. काका एकदाही आले नाहीत. इतरांची कामं मी अजूनही मोबाईलवर बघते, पण आता बघताना आत कोण बसलं असेल हे शोधते. बहुतेक वेळा कुणी नसतं. कधीकधी असतं, आणि मग तो व्हिडिओ बंद करायला मला थोडा वेळ लागतो. भीती गेलेली नाही. खोपीत शिरताना दर वेळी मी आधी हात उघडून बघते, ठोकळा बसतोय ना.

दादाचा हात खांद्याच्या वर पूर्ण जात नाही. वेल्डिंग करतो, शिडीवर मात्र दुसऱ्याला चढवतो. बरेच महिने तो माळावर आला नव्हता. भाताची कापणी झाल्यावर एका दुपारी आला. मी आत होते, त्याला ते ठाऊक होतं. कुंपणाच्या आत येऊन तो उभा राहिला, पाय जरा फाकवून, पळावं लागलं तर पळता येईल असा. मला भोकातून त्याचा चेहरा दिसत होता. ओठ पांढरे पडले होते. तो वर बघत होता, मग नजर काढून त्यानं डोंगराकडं पाहिलं, बराच वेळ. नेमका तो क्षण. मान त्याच्या दिशेनं येत होती.

मी दोरी घट्ट धरून ठेवली. मान त्याच्यावरून पुढं निघून गेली.

जरा वेळानं तो खोपीजवळ आला आणि वाकून म्हणाला, “थांबलं न्हाई की गं.”

“वारा लई होता,” मी म्हटलं. वारा बेताचाच होता.

“हां,” तो म्हणाला. खांबाच्या बुडाशी बसून एकेक नट तो बोटांनी चाचपत राहिला, आणि तो तिथून उठून कुंपणाबाहेर जाईपर्यंत मी ती मान हलू दिली नाही.